एका वेळी एकच सूर

बाबांचं मशीन सुरू केल्यावर वीस मिनिटं त्याला कोणी हात लावायचा नाही, असा आमच्या घरात नियम होता. त्याला आधी तापू द्यावं लागायचं. तापायच्या आधी वाजवलं तर सूर हळूहळू वर सरकत जायचा, आणि गाण्याच्या पार्टीतली बाकीची माणसं एकीकडे आणि बाबा दुसरीकडे, असं व्हायचं. रायपूरच्या एप्रिल-मे महिन्यात तर तापूनही ते ठिकाणावर येत नसे. मग आई कूलरचं तोंड मशीनकडे वळवायची आणि आम्ही तिघं घाम पुसत बसायचो.

बाबा त्याला मशीनच म्हणत. कार्यक्रमाच्या पत्रकावर ‘सिंथेसायझर’ असं छापून आलं की आईला हसू यायचं. जपानी बनावटीचं, माझ्या जन्माच्या आधीचं, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या लावलेलं ते यंत्र नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं धंदा बंद करताना बाबांना दिलं होतं. त्यातून एका वेळी एकच सूर निघायचा. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी एकच. त्यात आधीपासून भरून ठेवलेला एकही आवाज नव्हता. बासरी हवी असेल तर गोल बटणं फिरवून बासरी बनवावी लागे, आणि मशीन बंद केलं की ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बनवायची, आणि ती कालच्यासारखी कधीच होत नसे. पार्टीच्या गायकानं एकदा हजार आवाजांचा नवा कीबोर्ड आणून समोर ठेवला होता. बाबांनी तासभर तो वाजवून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, याच्यातला एकबी आवाज माह्या हातचा नाही.

ही पार्टी भीमगीतांची. गायक, ढोलक, बँजो, पॅड आणि बाबा. गायक आमच्याच पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, मी त्यांना काका म्हणायची. बाबांसारखेच तेही विदर्भातून आलेल्या घरातले. भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, कधी थेट गोंदियापर्यंत कार्यक्रम व्हायचे. काका वरच्या पट्टीत कडवं सोडून द्यायचे तिथे बाबांचा सूर ते उचलायचा. मोठं बटण, ज्याला बाबा ‘पडदा’ म्हणत, ते उजवीकडे फिरवलं की आवाज उघडत जायचा, डावीकडे फिरवलं की घोंगडीखाली झाकल्यासारखा व्हायचा. गाणं चालू असताना बाबांचा डावा हात सतत त्या पडद्यावर असे. लोक त्यावेळी टाळ्या थांबवून ऐकत. मी बारावीत असल्यापासून मिक्सरवर बसायची. मला गाता येत नव्हतं, पण कोणाचा आवाज कुठे कमी पडतो हे कळायचं. ते बाबांनीच शिकवलं होतं.

पोटापाण्यासाठी बाबा भनपुरीतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात होते. तो आता बंद पडला आहे. ओतलेल्या लोखंडावरचे कोंब हातोड्यानं आणि ग्राइंडरनं काढायचे, आणि माल पाठवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर छोटा हातोडा मारून बघायचा. आत पोकळी राहिली असेल तर आवाज बसका येतो. बाबांच्या इतकं अचूक कोणी सांगू शकत नसे, म्हणून ठोकून बघायचं काम त्यांच्याकडेच आलं. कानात घालायला रबरी बोळे मिळायचे. बाबांनी ते कधी घातले नाहीत. घातले तर लोखंड काय बोलतं ते कसं ऐकू येणार, असं ते म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं ते तसेच त्या आवाजात उभे राहिले.

सुरुवात कुठून झाली हे मला नेमकं सांगता येणार नाही. टीव्हीचा आवाज वाढला, तो सगळ्याच घरांत वाढतो. कुकरच्या शिट्ट्या त्यांना मोजता येईनात, तेव्हा आई म्हणाली, लक्ष नसतं यांचं. मला कळलं ते पडद्यावरून. फार वर्षांपूर्वी बाबांनी माझी लाल नेलपॉलिश घेऊन त्या बटणाशेजारी एक ठिपका काढला होता. त्यांचा आवडता आवाज तिथे लागायचा. एका रविवारी मशीन पुसताना मला त्याच्या उजवीकडे आणखी तीन ठिपके दिसले. तिसरा अगदी टोकाला होता. बाबांनी काही वर्षांत तेवढा पडदा उघडला होता, कारण त्यांना आवाज झाकलेलाच ऐकू येत होता.

आम्हाला मात्र तो उघडाच ऐकू यायचा. संध्याकाळी रियाजाला बसले की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटायचं. आई कानांत कापूस घालून पोळ्या लाटायची. बाबा मात्र डोळे मिटून, मान हलवत, पूर्वीसारखेच वाजवत असायचे. त्यांच्या कानांत पूर्वीचाच आवाज होता. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, माह्या कानाले काही नाही झालं, तुम्हीच हळू बोलून राहिले.

कार्यक्रमांत आधी मी मिक्सरवर त्यांच्या आवाजाची धार कापून पाहिली. धार कापली की खाली नुसती घरघर उरायची, आणि ती घरघर काकांच्या सुरापासून किंचित बाजूला असायची. मशीन सरकलं की पूर्वी बाबा लगेच जागेवर आणायचे. आता त्यांना ते कळत नव्हतं. दुर्गच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर पदर धरले. दुसऱ्या दिवशी काका मला पंडरीच्या कापड बाजारात भेटले. पार्टीच्या सदऱ्यांसाठी कापड घ्यायला बोलावलं होतं, पण कापड त्यांनी पाहिलंच नाही.

“त्याले सांगायची माही हिंमत नाही,” काका म्हणाले. “तू त्याची लाइन खाली करून दे. त्याच्या पायापाशी जो स्पीकर असते, तो चालू ठेव. त्याले त्याचं ऐकू येईन, लोकाइले नाही येनार.”

मी नाही म्हटलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली आणि मग म्हणाली, कर बाई, निदान वाजवतील तरी.

तेव्हापासून साधारण वर्षभर, सहा-सात कार्यक्रमांत, बाबा मंचावर वाजवत होते आणि ते कोणालाही ऐकू जात नव्हतं. मी मिक्सरवर त्यांच्या लाइनची सरकती पट्टी खाली ओढून ठेवायची आणि वर हात ठेवून बसायची, कोणाचा धक्का लागून ती वर जाऊ नये म्हणून. बाबा घामाघूम व्हायचे. कडवं सुटलं की पुढे झुकून ते उचलायचे, पडदा फिरवायचे, आणि लोकांकडे बघायचे. तिथे लोकांना फक्त ढोलक ऐकू येत असायची. टाळ्या पडायच्या, त्या काकांसाठी असायच्या. परतताना गाडीत बाबा विचारायचे, आज कसं होतं? मी म्हणायची, छान.

भीमजयंतीचा कार्यक्रम आमच्याच विहाराच्या मैदानावर होता. सुरुवातीला काका तालाशिवाय, संथ गायचे आणि खाली फक्त बाबांचा एक लांब सूर असायचा. त्या मशीनवर सूर अडकवून ठेवायची एक कळ होती. ती दाबली की हात काढला तरी सूर चालू राही. पूर्वी बाबा कधीकधी असा सूर अडकवून खाली उतरायचे आणि मैदानात उभं राहून कसं ऐकू येतं ते बघायचे. इतक्या वर्षांत ते बंद झालं होतं. त्या दिवशी ते उतरले. मी पाहिलं आणि माझा हात पट्टीवर होता तसाच राहिला. वर करावी तर एकदम तो आवाज हजार माणसांवर पडला असता.

बाबा मोठ्या स्पीकरच्या खोक्याजवळ गेले. आधी कान लावला. मग तळहात सपाट करून खोक्यावर ठेवला. त्या स्पीकरमधून त्यांचा खालचा सूर हाताला लागायला हवा होता. बहिऱ्यालाही लागला असता. त्यांनी हात काढला, दुसरीकडे ठेवला. मग ते सरळ माझ्याकडे चालत आले. मिक्सरवर प्रत्येक लाइनखाली मी चिकटपट्टीवर नावं लिहिलेली असायची. ‘बाबा’ लिहिलेल्या पट्टीवर माझा हात होता. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला, खाली ओढलेली पट्टी पाहिली, आणि मंचावर परत गेले.

नंतरचा सगळा कार्यक्रम त्यांनी वाजवला. एकही जागा चुकवली नाही. मी मान वर केली नाही.

घरी येताना ऑटोत मशीन त्यांच्या मांडीवर होतं. पाऱ्याच्या वळणावर त्यांनी विचारलं, “कधीपासून?”

“गेल्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेपासून.”

“सगळ्याइले माहीत होतं?”

“हो.”

“तुह्या मायले?”

मी मानेनंच हो म्हटलं. घरी गेल्यावर त्यांनी मशीन दिवाणाच्या कोपऱ्यात ठेवलं आणि आईची जुनी चादर चारही बाजूंनी खोचून त्यावर घातली.

त्यानंतर ते डॉक्टरकडे यायला तयार झाले. कागदावर एक आलेख मिळाला. तो डावीकडून बरंच अंतर सपाट जात होता आणि मग कड्यावरून पडावा तसा खाली कोसळत होता. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येत नाही. कानाचं यंत्र घेतलं. त्यानं बोलणं थोडं कळायचं, पण भांड्यांचा आवाज डोक्यात घुसायचा. एकदाच चादर काढून बाबांनी यंत्र लावून मशीन वाजवून पाहिलं आणि लगेच बंद केलं. ते म्हणाले, हे कानातलं मशीन त्या मशीनले वाजूच देत नाही, मधेच आपलं काहीतरी करते. हळूहळू कानातलं यंत्र डबीतच राहू लागलं. काका दोनदा येऊन दारातूनच परत गेले. बाबा आतून बाहेर आले नाहीत. पुढे पार्टीही मोडली. आता लोकांना डीजे लागतो.

आई गेली ती त्या जयंतीनंतर दोन वर्षांनी. मी तेव्हा नवा रायपूरला सरकारी कार्यालयात नोकरीला होते, सकाळची बस पकडून संध्याकाळी परत. एका दुपारी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, तिला उठता येईना. बाबा समोरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. मधे एक भिंत आणि एक पडदा. शेजारची बाई दही मागायला आली तेव्हा तिला हाक ऐकू आली. तिनंच मला फोन केला. “दीदी, आंटी कब से बुला रही थीं, अंकल तो वहीं बैठे थे,” असं ती म्हणाली. तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं, फक्त आश्चर्य होतं. दवाखान्यात आईनं सांगितलं की तिनं आधी हाका मारल्या, मग मग्ग्यानं बादली वाजवली, मग दमून नुसती पडून राहिली. बाबांना हे सांगू नको म्हणाली. शस्त्रक्रिया झाली, पण छातीत कफ झाला आणि ती घरी परत आली नाही.

बाबांना कोणी सांगायची गरज नव्हती. ते दोन महिने माझ्याशीही कामापुरतं बोलले. आईच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या विधीला, पाहुणे आले, गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला समोर बसायला सांगितलं, मशीनवरची चादर काढली, आणि ते सुरू केलं. वीस मिनिटं आम्ही दोघं ते तापायची वाट बघत बसलो. मला वाटलं, आईच्या आठवणीत काही वाजवणार असतील.

त्यांनी सगळी बटणं सोडवून अगदी साधा, नुसता शिट्टीसारखा सूर ठेवला आणि तो वर नेऊ लागले. सगळ्यांत वरची पट्टी दाबली, सप्तकाचं बटण आणखी वर केलं. मग सूर जुळवायचं छोटं बटण दोन बोटांत धरून केसाएवढं फिरवत राहिले. मान तिरकी, डोळे मिटलेले. थोडं वर, थोडं खाली. दोन पट्ट्यांच्या मधली कुठलीतरी जागा ते शोधत होते, जी कुठल्याही पेटीत किंवा कीबोर्डमध्ये नसते. मग आवाज पूर्ण मोठा केला. माझे हात आपोआप कानांवर गेले.

“हात काढ,” बाबा म्हणाले.

मी काढले. अर्धं मिनिटही झालं नसेल. दातांत कळ गेल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मशीन बंद केलं.

“हे वाजून राहिलं माह्या कानात. दिवसरात्र. पाच-सहा वर्षं झाले. मले वाटे मशीनचंच काहीतरी डोक्यात राहिलं, जाईन.” मग म्हणाले, “तुही माय हाका मारत होती, तवा मी हे ऐकत होतो.”

मी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यांनी तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

डॉक्टर म्हणाले की या आवाजावर औषध नाही. जवळ दुसरा मंद, सलग आवाज असला तर त्याचा त्रास कमी होतो. मी पंखा लावून पाहिला, रेडिओची खरखर लावून पाहिली, फोनवर पावसाचे आवाज लावून दिले. फोनमधला पाऊस दर थोड्या वेळानं पहिल्यापासून सुरू होतो, ते बाबांना ऐकण्यापेक्षा जाणवायचं, आणि ते वैतागायचे. शेवटी त्यांनी स्वतःच बनवला. मशीनमध्ये नुसत्या हवेसारखा एक आवाज होता. त्याचा पडदा जवळजवळ बंद करून, खाली एक अगदी खालचा सूर जोडून त्यांनी असं काही केलं की दूरवर धानाची गिरणी चालू असावी. त्या आवाजात त्यांना पहिल्यांदा दुपारची झोप लागली. रोज सकाळी ते तो नव्यानं बनवायचे. उन्हाळ्यात वेगळा, थंडीत वेगळा. कानातली शिट्टीही रोज सारखी नसते म्हणायचे, म्हणून त्याला रोज नवीन उत्तर लागतं.

भनपुरीकडचं घर सोडून आम्ही चौबे कॉलोनीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. तिथं मशीन हळूहळू जाऊ लागलं. आधी काही पट्ट्या मुक्या झाल्या, मग सूर ठरेना. नागपूरच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं उघडून, फुंकर मारून, दोनदा झाळलं आणि मग सांगितलं की आतला एक भाग आता जगात कुठे बनत नाही. दुसरं असंच मशीन मोडलं तर त्यातून मिळेल. त्यानंच मला सांगितलं की अशी मशीनं आता पुन्हा निघताहेत, छोटी, नवीन, पण आतलं सगळं जुन्या पद्धतीचं. तरुण मुलं घेतात म्हणे. संगणकात सगळे आवाज असताना कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, त्याईले हातानं फिरवायला पायजे असते.

मी मागवलं. पुस्तकाएवढं होतं. बाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, वास घेतला, बटणं फार जवळ जवळ आहेत म्हणाले. त्यांची बोटं लोखंडानं जाड झालेली, एक फिरवताना दोन फिरतात. पण आवाज खरा आहे, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी कबूल केलं. आता दिवसभर तेच चालतं. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. जमिनीतून कंप येतो म्हणून खाली गादी घातली. तो आवाज चालू असला की बाबांना बरं वाटतं आणि माझं बोलणं अजिबात ऐकू येत नाही. काही सांगायचं तर समोर जाऊन उभं राहावं लागतं. घराबाहेर पडताना मी न्हाणीघराचं दार तपासते, गॅस तपासते, आणि शेजारी किल्ली देऊन जाते. ऑफिसात फोन वाजला आणि अनोळखी नंबर असला की हातातलं काम टाकून उचलते.

मागच्या महिन्यात काका आले. फार वर्षांनी. त्यांचाही आवाज गेलेला. घशाचं काहीतरी झालं होतं, कुजबुजल्यासारखे बोलत होते. बाबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि मशीन बंद केलं. दोघं समोरासमोर बसले. मी चहा आणून ठेवला, बिस्किटं काढायला आत गेले आणि दारातूनच पाहत राहिले.

काकांनी हात जोडले. “भाऊ, मीच सांगतलं होतं पोरीले. तिचा काही दोष नाही,” असं ते त्यांच्या त्या उरल्यासुरल्या आवाजात म्हणाले. बाबांनी कान पुढे केला. काकांनी पुन्हा म्हटलं, आणि मग तिसऱ्यांदा, अगदी जवळ तोंड नेऊन. त्या घशातलं मलाही जेमतेम कळत होतं.

“आलं ऐकू,” बाबा म्हणाले. “चहा घे.”

खरंच ऐकू आलं होतं का, ते मला माहीत नाही. काका रडत होते आणि बाबा त्यांच्याकडे न बघता बशीत चहा ओतत होते. मी बिस्किटांची प्लेट ठेवली. ‘छान’ म्हणून जे मी वर्षभर सांगत होते त्याबद्दल मी बाबांपाशी कधीच काही बोलले नाही. काका गेल्यावर बोलावं म्हणून मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, काय पाहिजे? मी म्हटलं, काही नाही, आणि त्यांनी मशीन सुरू केलं.